दुमजली घरात कॉर्डलेसचा इंटरकॉम आणि स्पीकर: वर झोपून असलेल्या बाबांसाठी कसा लावावा?

अनुश्री_सांगली

नमस्कार मंडळी,

माहेर सांगलीला, दुमजली घर. २०१९ च्या महापुरात तळमजल्यात पाणी शिरलं, त्यानंतर आईबाबांनी झोपायची खोली वर हलवली. स्वयंपाकघर, देवघर, बैठक सगळं अजून खालीच. आता बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय आणि काही महिने जिना बंद. आई खाली असली की बाबा वरून हाका मारतात. मिक्सर नाहीतर कुकर चालू असेल तर तिला काही ऐकू येत नाही. ऐकू आलं की हातातलं टाकून जिना चढते आणि वर गेल्यावर कळतं, त्यांना फक्त पंखा कमी करायचा होता. तिचेही गुडघे दुखतातच.

मोबाईल दोघांकडे आहेत. पण बाबांची बोटं थरथरतात, टचस्क्रीनवर भलतीकडेच लागतात. आईचा मोबाईल एकतर चार्जिंगला नाहीतर पर्समध्ये. म्हणून दोन हँडसेटचा कॉर्डलेस घेऊन दिला. लँडलाइन आहेच घरात, बाबांनी ती कधी बंद करू दिली नाही.

अडलंय ते असं. इंटरकॉमचं बटण दाबल्यावर पडद्यावर यादी येते, त्यात वर-खाली करून आईचा हँडसेट निवडावा लागतो. बाबांना ते जमत नाही. स्पीकरवर बोललं की आवाज तुटतो, एकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत दुसऱ्याचं गायब. आईच्या मनात पक्कं बसलंय की इंटरकॉमचं बिल येतं, त्यामुळे ती "बरं बरं, ठेवते" म्हणून कट करते. आणि वीज गेली तर काय, हेही कळत नाही. घरी कोणी असं लावलं असेल तर सविस्तर सांगा. सोबतची पुस्तिका वाचली. तीत बटणांची नावं आहेत, माणसांच्या अडचणी नाहीत.

पक्या

व्हॉट्सॅप कॉल लावा की, ताई. फुकट आहे आणि चेहराही दिसतो.

सुमेधा_के

@पक्या, बोटं थरथरतात असं लिहिलंय त्यांनी. अशा बोटांना उठावाचं बटण लागतं, दाबलं की दाबलं हे कळतं. टचस्क्रीनवर ते कळत नाही, माणूस पुन्हा दाबतो आणि लागलेला फोन कट होतो. आमच्या आजोबांचं रोज हेच चालायचं.

दूरध्वनीवाला

अनुश्री, मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो, त्यामुळे या विषयावर जरा जास्त लिहितो.

आधी आईची शंका मिटव. इंटरकॉमचं बिल येत नाही, येऊच शकत नाही. वरचा हँडसेट रेडिओ लहरींनी बेसशी, म्हणजे टेलिफोनची तार जोडलेल्या मुख्य डब्याशी, बोलतो आणि बेस खालच्या हँडसेटशी. ते बोलणं भिंतीतल्या टेलिफोनच्या तारेपर्यंत पोचतच नाही. नुसतं सांगून पटणार नाही, तेव्हा तिच्यासमोर बेसमागची टेलिफोनची पिन काढ. बाहेरचा फोन लागणार नाही, पण इंटरकॉम तसाच खणखणीत चालेल. ते एकदा बघितलं की ती निवांत बोलायला लागेल.

म्हणजेच सगळी मदार बेसवर आहे. तो कुठे ठेवलाय? बहुतेक घरांत बैठकीत, टीव्हीच्या मागे, कारण टेलिफोनचा सॉकेट तिथे असतो. तिथून हलव. उघड्या मैदानात ३०० मीटर आणि घरात ५० मीटर असा पल्ला सांगतात, तो आदर्श परिस्थितीतला. मध्ये आरसीसीचा स्लॅब आला की लोखंडी सळ्या लहरी अडवतात. दुमजली घरात बेसला सगळ्यात चांगली जागा म्हणजे जिन्याचं मधलं वळण, भिंतीवर, डोक्याच्या उंचीवर. जिन्याची पोकळी असते, लहरींना स्लॅब भेदत बसावं लागत नाही. सॉकेटपासून तिथवर दोन तारांची टेलिफोन केबल ओढणं कोणत्याही इलेक्ट्रिशियनचं थोड्या वेळाचं काम आहे. विजेचा पॉइंट मात्र जवळ हवा.

आता लहरींचा पट्टा. आपल्याकडे मिळणारे बरेच कॉर्डलेस २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वायफाय आणि मायक्रोवेव्ह याच पट्ट्यातले. बेसच्या खालच्या बाजूच्या लेबलवर लिहिलेलं असतं. २.४ असेल तर बेस आणि राउटर एका टेबलावर ठेवू नकोस, खोलीची दोन टोकं तरी असू देत. १.८८ ते १.९० असं लिहिलेला डेक्ट (डिजिटल कॉर्डलेसचा एक प्रकार) असेल तर राउटरची काळजी नाही.

राहिली यादी. बहुतेक फोनवर इंटरकॉम दाबल्यावर वर-खाली न करता सरळ हँडसेटचा आकडा दाबता येतो. फोन हातात न घेता, नुसता ठेवलेला असताना पडद्याच्या कोपऱ्यात १ किंवा २ दिसतो, तोच त्याचा नंबर. आई २ असेल तर बाबांनी इंटरकॉम दाबायचा, मग २. करून बघ आणि सांग.

कोकणातली_ऊर्मिला

काकांचं जिन्याच्या वळणाचं अगदी पटलं. आमच्या घराच्या भिंती जांभ्या दगडाच्या, बेस पडवीत होता तोवर मागच्या दारी हँडसेट नेला की खरखर सुरू. माजघरात उंचावर लावला तेव्हापासून विहिरीपर्यंत ऐकू येतं.

अनुश्री, बाबांच्या हँडसेटवरच्या त्या दोन बटणांवर टिकली लाव. मखमली, जराशी जाड असते ती. बघायलाही लागत नाही, बोट फिरवलं की लागते. फक्त ५ वर लावू नकोस, त्यावर आधीच बारीक उंचवटा असतो, गोंधळ होईल.

अनुश्री_सांगली

काका, मनापासून धन्यवाद. भावाला फोन करून करायला लावलं. पिन काढून दाखवल्यावर आई आधी घाबरली, "फोन बिघडवलास" म्हणाली, मग इंटरकॉम वाजल्यावर बाबांशी अर्धा तास बोलली! आकडा दाबून लागतो. ऊर्मिलाताई, टिकल्यांची कल्पना फार आवडली, आज लावणार.

बेसच्या लेबलवर २.४ आहे आणि राउटर अगदी खेटून ठेवलेला आहे. जिन्याच्या वळणावर पॉइंट नाही, तो काढून घ्यावा लागेल. स्पीकरचं मात्र तसंच आहे, राउटर लांब केल्यावर थोडा फरक पडला इतकंच.

ध्वनिवेडा

स्पीकरचं मी सांगतो, हा माझा रोजचा विषय आहे.

स्पीकरफोनमध्ये माइक आणि स्पीकर वीतभर अंतरावर असतात. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरला की पलीकडच्या माणसाला स्वतःचं बोलणं परत ऐकू येतं, आणि ते फिरत राहिलं तर शिट्टी वाजते. ते टाळण्यासाठी फोन सतत बघत असतो की कोणाचा आवाज मोठा आहे. ज्याचा मोठा त्याला वाट देतो, दुसऱ्याचा दाबून टाकतो. हा फोनचा बिघाड नाही, त्याची रचनाच तशी आहे. आता तुमच्या घरात बघा. आईच्या बाजूला मिक्सर आणि चिमणी. फोनला ते बोलणंच वाटतं आणि तो बाबांचा आवाज कापतो.

तेव्हा पहिली गोष्ट, दोघांनी एकाच वेळी स्पीकर लावायचा नाही. बाबांनी लावावा, आईने हँडसेट कानाला धरावा. एवढ्यानेच बहुतेक तुटणं थांबेल. दुसरी, स्पीकरचा आवाज पूर्ण वर नेऊ नका. आपल्याला वाटतं मोठा केला की नीट ऐकू येईल, पण जितका मोठा तितकाच तो माइकमध्ये शिरतो आणि फोन तितकाच जास्त कापतो. दोन पायऱ्या खाली आणून बघा. तिसरी, बऱ्याच हँडसेटचा स्पीकर मागच्या बाजूला असतो आणि माइक खालच्या टोकाला. बाबा तो गादीवर उताणा ठेवत असतील तर स्पीकरचं तोंडच बंद होतं. मोबाईल ठेवायचा साधा स्टँड घ्या, त्यात उभा ठेवा, तोंडापासून फूट-दीड फुटावर. डोक्यावरचा पंखा फुल असेल तर तोही माइकला त्रास देतो.

आणि हो, दोन्ही हँडसेट एकाच खोलीत ठेवून चाचणी घेऊ नका. तिथे शिट्टी वाजणारच, त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

सुमेधा_के

"एकाने स्पीकर, एकाने कान". हे इतकं सोपं आहे आणि कोणी सांगत नाही.

वीणा_व

अनुश्री, तुझ्या फोनमध्ये ऑटो इंटरकॉम आहे का बघ. काही मॉडेलांत असतो, मेनूत इंटरकॉमच्या सेटिंगमध्ये. तो चालू केला की समोरच्याने उचलण्याची गरज नाही. इंटरकॉम आला की हँडसेट आपोआप घेतो आणि स्पीकर सुरू होतो. सासूबाईंना पक्षाघात झाला होता, उजवा हात चालत नव्हता. त्यांच्या उशाशी हँडसेट स्टँडवर असायचा. मी खालून विचारायची, "आई, पाणी हवं का?" आणि त्या पडल्यापडल्या उत्तर द्यायच्या. त्या काळात माझ्या जिन्याच्या निम्म्या फेऱ्या वाचल्या आणि त्यांनाही आपण एकट्या पडलोय असं वाटेनासं झालं.

मकरंद_ठाणे

वीणाताई, तुमच्या सासूबाईंचं दुखणं वेगळं होतं, तिथे इलाज नव्हता. पण अनुश्रीच्या बाबांना हात आहेत, शुद्ध आहे. त्यांच्या खोलीतला फोन आपोआप उघडणं मला बरोबर वाटत नाही. माणूस आजारी असला म्हणून त्याची खोली सगळ्यांना खुली होत नाही. भेटायला आलेल्या मित्राशी ते काही बोलत असतील, रडत असतील, देवाचं म्हणत असतील, आणि मध्येच स्पीकरमधून "जेवायला काय करू?" फोन उचलण्याचा किंवा न उचलण्याचा हक्क त्यांचा राहू द्या.

वीणा_व

मकरंद, मुद्दा मान्य आहे, पण पूर्ण नाही. हे सेटिंग दोन प्रकारचं असतं, आधी रिंग वाजवून मग उघडणारं आणि एकदम उघडणारं. पहिलं ठेवलं तर कोणी चोरून ऐकायचा प्रश्न येत नाही, घंटी ऐकूनच माणूस सावध होतो. आणि सासूबाईंना विचारूनच आम्ही ते केलं होतं. रात्री बंद ठेवायचो, तेही त्यांनीच सांगितलं होतं.

मकरंद_ठाणे

विचारून केलं असेल तर माझी काही हरकत नाही. मी लिहिलं कारण बऱ्याच घरांत विचारत नाहीत. "त्यांच्या भल्यासाठीच" म्हणून लावून टाकतात.

दूरध्वनीवाला

मकरंदने लिहिलंय त्याला जोडून. ॲनालॉग कॉर्डलेसच्या काळात लोक पेचात पडायचे. शेजाऱ्याचा फोन त्याच चॅनेलवर असला तर आपल्या हँडसेटवर त्याचं बोलणं ऐकू यायचं. आमच्याकडे तक्रारी यायच्या की "लाइन क्रॉस झाली", आणि तारेत काहीच सापडायचं नाही. डिजिटल आल्यापासून हँडसेट आणि बेस आधी एकमेकांना नोंदवून घेतात, सांकेतिक भाषेत बोलतात, त्यामुळे ते संपलं. नोंदणी करताना मागितला जाणारा पिन नंबर बऱ्याच कंपन्यांचा ०००० असतो. घरात उद्या तिसरा हँडसेट आणला तर बेसवरचं हँडसेट शोधायचं बटण काही सेकंद दाबून धरायचं आणि हँडसेटच्या मेनूतून नोंदणी करायची. बऱ्याच पॅनासोनिकवर मेनू दाबून #१३० केलं की थेट तिथेच जातं.

ते शोधायचं बटण एरवीही कामाचं आहे. हँडसेट पांघरुणात हरवला की बेसवरून वाजवता येतो.

पक्या

मला वाटलं होतं हा धागा तीन प्रतिसादांत संपेल. काका, मग हे सोसायटीतल्या इंटरकॉमसारखंच झालं ना? वॉचमन खालून फोन करतो तसं?

दूरध्वनीवाला

नाही रे. सोसायटीत तळमजल्यावर एक छोटं एक्स्चेंज बसवलेलं असतं, प्रत्येक फ्लॅटपर्यंत तारा ओढलेल्या असतात. कॉर्डलेसमध्ये ते सगळं काम बेस एकटा करतो, तेही हवेतून. बाहेरून आलेला फोन इंटरकॉम दाबून वरच्या हँडसेटला देता येतो. आईने उचलला, फोन बाबांचा आहे, तर चालू फोनवरच इंटरकॉम आणि बाबांचा आकडा दाबायचा, बाबांनी उचलला की "तुमचा फोन आहे" म्हणून ठेवून द्यायचं. एवढ्यासाठी जिना चढायचा नाही.

कॉर्डलेसची पहिली झेप तशी जुनी आहे. जॉर्ज स्वीगर्ट या अमेरिकन रेडिओवाल्याला त्याचं पेटंट १९६९ साली मिळालं. आणि आपल्या आयआयटी मद्रासमध्ये प्रा. अशोक झुनझुनवालांच्या चमूने याच डेक्ट तंत्रावर कॉर-डेक्ट उभं केलं, ज्या गावांत तांब्याची तार ओढणं परवडत नव्हतं तिथे टेलिफोन पोचवायला. घरातल्या घरात बोलायचं तंत्र आपल्या लोकांनी गावाच्या वेशीपर्यंत नेलं. मला याचा फार अभिमान आहे.

प्राजक्ता_एडिसन

छान धागा. मी दिवाळीला अमेरिकेहून येतेय. आमच्याकडे दुकानात चार हँडसेटचा डेक्ट ६.० वाला सेट अगदी स्वस्तात मिळतो. माझ्या आत्याचंही घर असंच दुमजली आहे, तिच्यासाठी आणू का? ६.० म्हणजे आपल्याकडच्या २.४ पेक्षा चांगलाच असणार ना?

दूरध्वनीवाला

प्राजक्ता, आणू नकोस. कळकळीने सांगतो.

६.० हे विक्रीसाठी दिलेलं नाव आहे, त्यात ६ गिगाहर्ट्झ वगैरे काही नाही. अमेरिकेतले डेक्ट फोन १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतात. आपल्याकडे १९२० पासून पुढचा पट्टा मोबाईल कंपन्यांना दिलेला आहे, मोबाईलकडून टॉवरकडे जाणाऱ्या संदेशांसाठी. तुझा फोन घरात सुरू झाला की आसपासच्या टॉवरला अडथळा होतो. युरोपात डेक्ट इथल्यासारखाच १८८० ते १९०० वर आहे, म्हणून दोन्हीकडचे हँडसेट एकमेकांना नोंदवताही येत नाहीत. शिवाय तिकडचा अडॅप्टर १२० व्होल्टचा, इथे २३० मध्ये लावला की गेला. आत्याला इथलाच घेऊन दे, तिला नंतर बॅटऱ्या आणि सुटे भागही मिळतील.

प्राजक्ता_एडिसन

बरं झालं विचारलं! कार्टमधून काढला.

कोकणातली_ऊर्मिला

विजेचा प्रश्न अनुश्रीने सुरुवातीलाच विचारला होता, तो मागे पडला. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाणं नित्याचं, म्हणून सांगते. हँडसेट कितीही चार्ज केलेला असू दे, बेसला वीज नाही तर तो मुका. इंटरकॉमही नाही आणि बाहेरचा फोनही नाही. बेसला वीज लागते अगदी थोडी, म्हणून तो इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या.

दुसरं, गडगडायला लागलं की टेलिफोनची पिन आणि अडॅप्टर दोन्ही काढायचे. बाहेरून येणाऱ्या तारेतून वीज घरात शिरते. आमच्या वाडीत एका वळवाच्या पावसात चार घरांचे फोन गेले होते.

तिसरं, दमट हवेत चार्जिंगच्या पत्र्यांवर काळपट थर चढतो आणि हँडसेट पाळण्यात ठेवूनही चार्ज होत नाही. कोरड्या फडक्याने मधूनमधून पुसायचे. बॅटऱ्या बदलताना निकेल मेटल हायड्राइडच्याच घ्यायच्या, १.२ व्होल्ट, ट्रिपल ए. रिमोटमधल्या साध्या बॅटऱ्या चुकूनही नको, त्या चार्जरवर फुटतात. आणि नवीन बॅटऱ्या घातल्या की आधी रात्रभर चार्ज, मग वापर.

ध्वनिवेडा

ऊर्मिलाताईंच्या मुद्द्यात एक भर. राउटरसाठी मिळणारे छोटे यूपीएस बहुतेक १२ व्होल्टचे असतात. माझ्या बेसच्या अडॅप्टरवर ५.५ व्होल्ट लिहिलंय. पिन बसते म्हणून लावू नका, बेस जळेल. अडॅप्टरवरचा आकडा आणि यूपीएसवरचा आकडा जुळलाच पाहिजे.

दूरध्वनीवाला

आणि लाइन तांब्याची आहे की फायबरची? तांब्याची असेल तर बेसच्या जोडीला एक साधा वायरचा फोन समांतर लावून ठेव. त्याला घरची वीज लागतच नाही, एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून ४८ व्होल्ट येतात. महापुरासारख्या वेळी तो एकटाच बोलतो.

अनुश्री_सांगली

फायबर आहे, काका. वायफायच्या डब्यातूनच फोनची वायर निघते.

दूरध्वनीवाला

मग तो आधार गेला. फायबरमधून वीज येत नाही. तो डबा आणि कॉर्डलेसचा बेस, दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत. नुसता बेस घेतलास तर इंटरकॉम चालेल पण १०८ लागणार नाही.

आणखी एक बघ. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईलला आधी ० लावावा लागतो. हँडसेटच्या फोनबुकात भावाचा, डॉक्टरांचा, शेजाऱ्यांचा नंबर साठवताना शून्यासकट साठव. मोबाईलमधून बघून उतरवले की शून्य राहून जातो आणि ऐन वेळी नुसती घोषणा ऐकू येते.

सुमेधा_के

मला एक वेगळं म्हणायचंय. इंटरकॉम उत्तम, पण तो बोलण्यासाठी. खुब्याचं ऑपरेशन झालेला माणूस बाथरूममध्ये घसरला तर हँडसेट पलंगाजवळ राहतो. तिथे ओल्या हाताने इंटरकॉम दाबून मग २ दाबणं होणार नाही. वायरलेस डोअरबेल मिळते, बॅटरीचं बटण आणि खाली प्लगमध्ये लावायची घंटी. एक बटण पलंगाशी, एक बाथरूममध्ये, बसल्या जागी हात पोचेल इतक्या खाली. माझं मत विचाराल तर आधी बेल, मग फोन.

वीणा_व

सुमेधा, बेल वाजली की आईला पुन्हा जिना आलाच ना? मूळ तक्रार तीच होती.

सुमेधा_के

म्हणूनच दोन्ही हवं. घंटी फक्त तातडीला. पंखा, पाणी, पेपर, रेडिओ, हे सगळं इंटरकॉमवर. घरात हे एकदा ठरलं की घंटी वाजल्यावर पळायचं, इंटरकॉम वाजल्यावर पळायचं नाही. आईला दोन आवाजांतला फरक कळला की तिचा जीवही खालीवर होणार नाही.

मकरंद_ठाणे

हे शंभर टक्के पटलं.

अनुश्री_सांगली

शनिवार-रविवार सांगलीला जाऊन आले, म्हणून उशिरा लिहितेय.

जिन्याच्या वळणावर पॉइंट काढला, इन्व्हर्टरच्या लाइनवरच. बेस तिथे भिंतीवर. आवाज स्वच्छ झाला, गच्चीपर्यंत ऐकू येतं. बाबांच्या हँडसेटवर इंटरकॉमला लाल टिकली, २ ला हिरवी. त्यांनी डोळे मिटून लावून दाखवला. स्पीकर बाबांच्या बाजूला, आई कानाला लावते. कणकेचे हात असले तरच ती स्पीकर लावते आणि तेव्हा मिक्सर बंद करते.

ऑटो इंटरकॉम आमच्या फोनमध्ये आहे. बाबांना विचारलं. म्हणाले, "नको, मी उचलेन. मला अजून तेवढं येतं." मकरंद, तुमचा प्रतिसाद मी त्यांना वाचून दाखवला होता, त्यांना फार आवडला. सुमेधा, बेलही आणली, बाथरूममधलं बटण कमोडच्या शेजारी लावलंय.

आता बाबा दर तासाला इंटरकॉम करून खाली काय चाललंय ते विचारतात. आई म्हणते, चाळीस वर्षांत एवढं बोलले नव्हते! चहाची मागणीही आता फोनवरून येते.

एकच प्रश्न उरलाय. आई मावशीशी बाहेरच्या फोनवर बोलत असली की बाबांचा इंटरकॉम लागत नाही, एंगेजचा आवाज येतो. मावशीचे फोन लांब चालतात.

पक्या

मावशीला व्हॉट्सॅपवर हलवा. या वेळी तरी माझं ऐका.

दूरध्वनीवाला

त्यावर उपाय आहे. आईचा हँडसेट बाहेरच्या फोनवर असताना बाबांनी इंटरकॉम न दाबता हिरवं, बोलण्याचं बटण दाबायचं. बऱ्याच फोनवर दुसरा हँडसेट त्या चालू बोलण्यातच सामील होतो, तिघेही एकमेकांना ऐकू येतात. बाबांनी "अगं, औषध दे" म्हणायचं आणि ठेवून द्यायचं. तसं होत नसेल तर आईच्या हँडसेटवर प्रायव्हसी नावाचं सेटिंग चालू आहे का बघ, ते बंद कर.

अनुश्री_सांगली

जमलं, काका! प्रायव्हसी बंदच होती. बाबांनी बटण दाबलं, औषध मागितलं आणि ठेवायचं सोडून मावशीशीच गप्पा सुरू केल्या. आई मधूनच औषध घेऊन वर गेली.

रमा_नाशिक

उशिरा वाचला धागा. आमच्याकडे बाबा कानाला यंत्र लावतात. हँडसेट कानाशी नेला की यंत्र शिट्टी मारतं. स्पीकर लावावा की दुसरा फोन घ्यावा?

ध्वनिवेडा

रमाताई, आधी स्पीकर लावून बघा, हँडसेट फूटभर लांब धरून. शिट्टी येते कारण यंत्राचा आवाज हँडसेटवर आपटून त्याच्याच माइकमध्ये परत जातो. लांब धरल्यावर ती थांबते. यंत्रात टी-कॉइलची, म्हणजे फोनचा आवाज माइकऐवजी थेट यंत्रात घ्यायची, सोय आहे का, तेही ऑडिऑलॉजिस्टना विचारा. असेल तर टी-कॉइलला चालणारा हँडसेट निवडावा लागेल, आणि तो बाबांना दुकानात नेऊन, यंत्र लावूनच तपासून घ्या.